नव्वद सेकंदांचा बिघाड

११ मार्च

काय घडलं ते आधी क्रमाने. मत नंतर.

१. २ मार्चला गच्चीच्या गळतीचं काम करणाऱ्यांनी टीव्हीची अँटेना खांबावरून सोडवली आणि पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवली.
२. काम ४ तारखेला संपलं. अँटेना कोणीही परत लावली नाही.
३. ५ तारखेला सकाळी आत्या ती लावायला एकटी गच्चीकडे निघाली. वय एकाहत्तर. हातात पाना.
४. गच्चीच्या दाराआधीच्या तिसऱ्या पायरीवरून पडली. उजव्या खुब्याचं हाड मोडलं.
५. ६ तारखेला शस्त्रक्रिया झाली. भूल उतरताना तिचं पहिलं वाक्य: "आठ तारखेच्या आत लावायला हवी." नर्सने ते बरळणं म्हणून सोडून दिलं.
६. आज तिला घरी आणलं. मी प्रयोगशाळेतून सात आठवड्यांची रजा घेतली आहे.

मत असं की आत्या बरळत नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने चौतीस वर्षं लोकांच्या लाइनी जोडून दिल्या. कोणापुढे किती बोलायचं हे तिला पक्कं ठाऊक आहे. आठ तारखेला काय होतं, असं विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं. रविवार होता."

कॅलेंडर पाहिलं. रविवारच होता. उत्तर खरं आहे, आणि ते उत्तर नाही.

१२ मार्च

आत्याचा पलंग पुढच्या खोलीत, टीव्हीसमोर आणला. भिंतीला लागून माझं जुनं टेबल अजून आहे. शाळेची शेवटची दोन वर्षं मी त्यावर अभ्यास केला. खुर्चीचं तोंड अजूनही भिंतीकडे.

टीव्ही बंद आहे म्हणून ती अस्वस्थ आहे. एका अँटेनासाठी कोणी खुबा मोडून घेऊ नये, म्हणून मी सोपा उपाय काढला. टॅबलेटवर वाहिनीचं स्वतःचं थेट प्रक्षेपण लावून दिलं.

"हे कुठून येतं?"

"स्टुडिओतून, इंटरनेटवरून. वाहिनीचंच आहे. फुकट आणि कायदेशीर. फक्त चाळीस सेकंद उशिरा दिसतं."

"डोंगरावरून नाही येत?"

"डोंगराचा यात काही संबंध नाही."

"मग राहू दे."

म्हटलं, छत्री बसवून देते. थेट उपग्रहावरून सव्वाशे वाहिन्या, त्याही फुकट.

"उपग्रहावर कोण असतं?"

"कोणी नसतं, आत्या."

"मग राहू दे."

एकाहत्तराव्या वर्षी नवीन गोष्ट नको वाटते, अशी नोंद करते.

१३ मार्च

अँटेना लावली. माशाच्या काट्यासारखी, जुन्या पद्धतीची. पट्टी पूर्वी कुठे आवळली होती ते खांबावरच्या रंगाच्या कडेवरून मिलिमीटरपर्यंत कळतं. तिथेच आवळली. अकरा वर्षांपूर्वी आत्याच्या भावाने बसवली होती. काम नीट आहे. जोडावर रबरी टेपचे तीन पदर, आत पाण्याचा थेंब नाही.

उतरताना दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यात गाठलं. कोर्टाच्या दप्तरातून निवृत्त. इमारतीत त्यांना कायदेपंडित म्हणतात, त्यांच्यासमोरसुद्धा.

"काय गं, हा खांब कोणाच्या परवानगीने?"

"खांब अकरा वर्षं तिथेच आहे, काका."

"अकरा वर्षं केली म्हणून चोरी मालकी होत नाही. केबल नाही, बॉक्स नाही, आणि टीव्ही दिसतो? फुकट?"

"सार्वजनिक प्रक्षेपण आहे. हवेतून येतं. ते पकडायला कोणाची परवानगी लागत नाही."

"फुकट ते पौष्टिक. पण पचायलाही हवं ना." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "लेखी दे. समितीपुढे ठेवतो."

अर्धं पान लिहून दिलं. लिहिताना आकडा मांडून पाहिला. डोंगरावरचं प्रक्षेपण केंद्र एक्केचाळीस किलोमीटरवर आहे. तिथून निघालेल्यातलं आमच्या काट्यांवर जे पोचतं, ते एका वॅटचे तीस अब्ज भाग केले तर त्यातला एक. तेवढ्यातून चेहरा उभा राहतो, डोळे मिचकावतो, बोलतो. तेच त्याच क्षणी शेजारच्या गच्चीवर, शाळेच्या पत्र्यावर, उघड्या माळावर, कोणी बघत असो वा नसो. हे मी कॉलेजात शिकले आहे. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले होते. तरी पेन थोडा वेळ थांबला.

कायदेपंडितांना हा भाग लिहून दिला नाही.

१६ मार्च

तीन दिवस सकाळी एकच क्रम. ५:५० ला आत्याची हाक. उशी उंच करायची, टीव्ही लावायचा. कार्यक्रम ६:०५ ला सुरू होतात. त्याआधी पाच मिनिटं केंद्र फक्त चाचणीचित्र दाखवतं: रंगीत पट्टे, कोपऱ्यात घड्याळ.

आत्या रंगीत पट्टे बघते. सहाच्या ठोक्याला पट्टे आले की म्हणते, "बंद कर," आणि डोळे मिटते. बातम्या नको, गाणी नकोत.

खाणं अर्ध्या बिस्किटावर आलं आहे.

१७ मार्च

आज बिघाड. सहाला पट्टे आलेच नाहीत. पडद्यावर 'सिग्नल नाही'. मी वायर बघायला उठले तर आत्याने मनगट धरलं. पकड चांगली आहे.

"थांब. येईल."

६:०१:३० ला आलं.

"हं," आत्या म्हणाली. "आता चहा टाक. साखर जरा हात सैल सोडून. आणि ती पेन्सिल दे इकडे."

चहाबरोबर चार बिस्किटं खाल्ली. व्यायामवाल्या ताई आल्या तेव्हा त्यांना म्हणाली, "आज जोरात करू, बाई. आज अंगात आहे." पेन्सिल कशाला हवी होती ते कळलं नाही.

१९ मार्च

तीन दिवस तोच बिघाड. नव्वद सेकंद, मागेपुढे एक सेकंदही नाही. सैल जोड असा वेळ पाळत नाही. दव म्हणावं तर १६ ला जास्त होतं आणि त्या दिवशी चित्र ठीक होतं.

न समजलेला बिघाड मला चपलेतल्या खड्यासारखा टोचतो.

२१ मार्च

काल आणि आज बिघाड नाही. आपोआप गेलेला बिघाड आपोआप परत येतो. म्हणून परवानगी काढून प्रयोगशाळेतलं मीटर आणलं.

कारण सापडलं. केंद्र इथून ११२ अंशांवर आहे. अँटेना १२६ वर बघते. चौदा अंशांची चूक.

डिजिटल चित्र अंधुक होत नाही; असतं किंवा नसतं. सिग्नलच्या ताकदीच्या मापात आमचं चित्र असण्याच्या काठापासून जेमतेम दोन डेसिबल आत आहे. जरा कुठे काही कमी झालं की गेलं. अकरा वर्षं आत्या या काठावर बसून टीव्ही बघते आहे.

तिच्या भावाकडून ही चूक अपेक्षित नव्हती. भिंतीवर घड्याळ टांगतानाही ते पाणसळ लावत.

२२ मार्च

दुरुस्त केलं. अँटेना ११२ वर फिरवली, खाली एक बूस्टर जोडला. काठ आता अकरा डेसिबल दूर आहे. केंद्राने निम्म्या ताकदीवर प्रक्षेपण केलं तरी आमच्याकडे फरक दिसणार नाही.

आत्याला दाखवलं. "चित्र आधीही चांगलंच होतं," ती म्हणाली. "म्हातारे झाले ते डोळे. टीव्हीला काय धाड भरली होती?"

कौतुकाची अपेक्षा नव्हती. थोडी होती.

२८ मार्च

बिघाड सहा दिवसांत एकदाही आला नाही. दुरुस्ती यशस्वी.

आत्याचं मात्र काहीतरी बिनसलं आहे. परवा पट्टे सहाला आले तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. काल विचारलं, "आज तारीख किती?" सत्तावीस. "नक्की?" नक्की. आज परत तेच. मग म्हणाली, "केंद्रावर फोन लावून विचारशील? सगळी माणसं बरी आहेत ना म्हणून."

"कोणती माणसं?"

"असंच. नको. राहू दे."

मी पुढे विचारलं नाही. या घरात काही गोष्टी न विचारण्याचा नियम माझाच आहे.

३० मार्च

चहा नको, जेवण दोन घास. व्यायामवाल्या ताईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"हाड छान जुळतंय. माणूस जुळत नाहीये. या वयात अंथरुण धरलं की धरलंच. दोन आठवड्यांत उभ्या राहिल्या नाहीत, तर मग मला बोलावू नका, उपयोग नाही. काही वाईट बातमी आली का घरात?"

"काहीच आलं नाही."

"मग काही यायचं राहिलंय का?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. रक्ततपासणी करून घेतली. सगळं योग्य मर्यादेत आहे.

३१ मार्च

आत्याच्या उशाशी टांगलेल्या कॅलेंडरचं पान उलटताना मार्चमध्ये पेन्सिलचे ठिपके दिसले. १७, १८, १९. २६, २७, २८ वर ठिपका नाही. पेन्सिल टेकवून उचलल्याची खूण आहे. १ मार्चला ठिपका. मागच्या पानावर २७ आणि २८ फेब्रुवारी. त्याआधी १८, १९, २०.

१७, १८, १९ ही तारीख-ओळ माझ्या वहीतही आहे. बिघाडाच्या यादीत.

तीन दिवस ठिपके, सहा दिवस मोकळे. नऊ दिवसांचं चक्र. अशा चक्राने ना दव पडतं, ना धातू प्रसरण पावतो, ना चंद्र चालतो. नऊ दिवसांचं असं निसर्गात मला काहीच आठवत नाही.

दोन दिवस जरा वेळ दे, असं आत्याला सांगितलं. कशाला, ते सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

१ एप्रिल

कपाटामागे जुन्या कॅलेंडरांची गुंडाळी आहे. मला वाटायचं, वह्यांना कव्हर घालायला ठेवली असतील. अकरा आहेत.

जमिनीवर पसरून मोजली. एक हजार दोनशे एक्याण्णव ठिपके. तीन आणि सहा, तीन आणि सहा. सहा वर्षांपूर्वी एका ठिकाणी पाच आठवडे कोरे आहेत. त्या पानाच्या कडेला आत्याचं अक्षर, कागद फाटेल इतकं दाबून: "नाही". पाच वेळा. मग एका मंगळवारी ठिपका, आणि शेजारी: "आहे".

चक्र माणसाचं आहे. केंद्रावर तीन माणसं, प्रत्येकाची तीन दिवस पाळी.

आता लिहायलाच हवं. आत्याला भाऊ एकच. आई गेल्यावर चार महिन्यांत त्यांनी डोंगरावरच्या केंद्रावर बदली मागून घेतली आणि मला इथे ठेवलं. मी सोळा वर्षांची होते. तीन वेळा त्यांचा फोन आला. तिन्ही वेळा मी उचलला आणि ठेवला. चौथ्यांदा आला नाही. त्यांचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही, असं मी आत्याला सांगितलं. तिने ते पाळलं, आणि माझ्या बाजूने म्हणून स्वतःही बोलणं सोडलं.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी अँटेना बसवली. ते गच्चीवर, मी खाली टीव्हीपाशी खिडकीत. ते फिरवायचे आणि ओरडायचे, "आलं का?" मी ओरडले, "आलं!" तरी ते फिरवत राहिले. "आलं, आलं! थांबा!" फिरवत राहिले. शेवटी चित्र गेलं. मी ओरडले, "गेलं ना!" तेव्हा कुठे ते किंचित मागे आले आणि नट आवळला.

हा माणूस माझं ऐकतच नाही, असं तेव्हा माझं मत झालं. अकरा वर्षं तेच मत आहे.

ते ऐकत होते. ते 'गेलं' शोधत होते.

४ एप्रिल

चक्राप्रमाणे आज त्यांची पाळी असायला हवी. पडद्याकडे न बघता मीटर लावून बसले. काल आणि परवा केंद्र सहाला थेट पूर्ण ताकदीवर आलं होतं, एका झटक्यात, दिवा लावावा तसं.

आज ६:००:०० ला आकडा वर आला आणि पूर्ण ताकदीच्या तीन डेसिबल खाली थांबला. निम्मी ताकद. बरोबर निम्मी. हलला नाही. ६:०१:३० ला एक पायरी चढून पूर्ण.

पडद्यावर पहिल्या सेकंदापासून रंगीत पट्टे, स्वच्छ, स्थिर. आधीच्या काठावर एवढ्याने चित्र गेलं असतं. माझा बूस्टर उत्तम चालतो आहे.

आत्याने डोळे मिटले होते. मी म्हटलं, "आत्या, बाबा ड्यूटीवर आहेत."

तिने डोळे उघडले. हा शब्द तिने माझ्या तोंडून अकरा वर्षांत ऐकला नव्हता. मीही नाही.

"कशावरून?"

आकडा दाखवला, पायरी दाखवली. मी काय दुरुस्त केलं आणि त्यामुळे काय पुसलं गेलं, ते सांगितलं. तिला समजायला माझ्यापेक्षा बराच कमी वेळ लागला.

"म्हणजे मागच्या पाळीलाही तो होता?"

"होते."

"मेला!" आत्या म्हणाली, आणि रडायला लागली, आणि रडता रडता मला शिव्या घालायला लागली. "जीव खाल्ला माझा. एवढी शिकलीस ती हे करायला? बिघडलेलं होतं तेच बरं चालत होतं ना गं!"

"तुला सगळं माहीत होतं?"

"मला काय डेसिबल कळतात? जाताना सांगून गेला होता, यंत्र हळू उठवतो म्हणून. म्हणाला, म्हाताऱ्या माणसाला झोपेतून एकदम उभं करतात का? दीड मिनिट लागतं मला. इतर दोघं धाडकन उठवतात. मी समजले. पट्टे उशिरा आले की आमचा पठ्ठ्या आहे, धडधाकट आहे."

"अँटेना मुद्दाम वाकडी ठेवली होती, हे?"

"ते नव्हतं माहीत." ती पदराने डोळे टिपत माझ्या टेबलाकडे बघत राहिली. "तू रोज साडेपाचला उठून तिथे बसायचीस. टीव्ही तुझ्या पाठीमागे. मी मुद्दाम आवाज न करता लावायचे. मी आपली बघत होते. ज्याने बघायचं, त्याची पाठ होती."

मी चहा टाकायला गेले. दूध उतू गेलं.

५ एप्रिल

अँटेना परत १२६ वर. बूस्टर काढला. शिकलेल्या माणसाने नीट चाललेली गोष्ट मोजून-मापून बिघडवायची, हे काम मी पहिल्यांदाच केलं. चौदा अंश बरोबर जुळवायला चाळीस मिनिटं लागली. त्यांनी मीटरशिवाय, माझ्या ओरडण्यावर जुळवले होते.

दुपारी कायदेपंडित वर आले, रागाने लाल.

"काय केलंस गं तू? पंधरा दिवस काय सुंदर दिसत होतं! आज पुन्हा अडखळायला लागलं!"

"तुमच्याकडे दिसत होतं, काका?"

जिन्यातून आमची केबल खाली जाते. दुसऱ्या मजल्यावर तिला एक फाटा आहे, व्यवस्थित, टेप गुंडाळलेला.

"फाटा कोणाच्या परवानगीने?" पलंगावरून आत्याने विचारलं. "लेखी द्या. समितीपुढे ठेवू."

उद्या त्यांच्यासाठी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला वेगळी अँटेना लावून देणार आहे. त्यांची सरळ, आमची वाकडी. समितीचा आक्षेप मागे घेतल्याचं त्यांनी जिना उतरतानाच जाहीर केलं.

६ एप्रिल

६:००:००. 'सिग्नल नाही'.

आत्या आणि मी शेजारी शेजारी बसून काळा पडदा बघत होतो. नव्वद सेकंद. मी आयुष्यभर सिग्नल मोजत आले आहे. नसलेला सिग्नल इतका ओळखीचा असू शकतो हे मला माहीत नव्हतं. एक माणूस पहाटे थंडीत उठतो, लोखंडी दार उघडतो, बटण निम्म्यावर ठेवतो आणि घड्याळाकडे बघत उभा राहतो. समोर दरी. कोणी बघतंय का हे कळायला त्याच्याकडे काहीही साधन नाही. अँटेना फक्त घेते. परत काही पाठवत नाही. तरी तो पुढच्या पाळीला तेच करतो. एक हजार दोनशे एक्याण्णव वेळा, आत्याने मोजलेली. न मोजलेली वेगळी.

पट्टे आले. आत्याने पेन्सिल माझ्याकडे दिली. ठिपका मी केला.

१० एप्रिल

चाचणीचित्राखाली आज एक ओळ सरकत होती. आत्याने मोठ्याने वाचली. "१ मेपासून हे केंद्र दूरनियंत्रणाने चालेल. प्रेक्षकांना कोणताही फरक जाणवणार नाही."

"दूरनियंत्रण म्हणजे?"

"वर माणूस नसेल. शहरातून बटण दाबतील."

"आणि वरची माणसं?"

"त्यांना कुठेतरी पाठवतील. किंवा निवृत्त करतील."

चक्र मांडून पाहिलं. त्यांची पुढची पाळी १३ ते १५. शेवटची २२ ते २४ एप्रिल. त्यानंतरची १ मेला सुरू झाली असती.

"मग तो कुठे जाईल?" आत्याने विचारलं. तिने ते मला विचारलं नव्हतं, असं मला वाटतं.

१३ एप्रिल

आत्या वॉकर धरून पलंगापासून माझ्या टेबलापर्यंत चालली. नऊ पावलं. व्यायामवाल्या ताईंनी टाळ्या वाजवल्या. "काय जादू केलीत हो?" मी म्हटलं, टीव्ही बिघडवला. त्या हसल्या.

आत्याने टेबलाला टेकून खुर्ची फिरवली. तिचं तोंड आता टीव्हीकडे आहे.

१४ एप्रिल

शंका लिहून ठेवते, म्हणजे नंतर मी त्या नव्हत्या असं म्हणणार नाही. त्यांनी मला इथे ठेवून जायला नको होतं, हे अजूनही खरं आहे. नव्वद सेकंदांनी ते खोटं होत नाही. ते आले तर मी काय बोलेन हे मला माहीत नाही. आत्याला ते हवेत हे पक्कं. मला हवेत का, याचं माप माझ्याकडे नाही. पण आज पहाटे ५:४० ला मी हाकेशिवाय उठून खुर्चीत बसले होते.

आत्याला विचारलं, तू फोन करतेस का.

"चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या लाइनी जोडल्या मी. ही तुझी आहे. तूच जोड."

१५ एप्रिल

पत्र आज नोंदणीकृत टपालाने पाठवलं. ते उद्या डोंगरावरून उतरतील. पत्र त्यानंतर पोचलं तरी २२ ला पाळीवर चढतील तेव्हा हातात पडेल. प्रत इथे उतरवते.

"बाबा,

आत्या पडली होती. शस्त्रक्रिया झाली, आता नऊ पावलं चालते. तुमच्या पाळीचा प्रत्येक दिवस तिने कॅलेंडरवर मांडून ठेवला आहे. सहा वर्षांपूर्वीच्या पाच आठवड्यांत काय झालं होतं ते तिला अजून कळलेलं नाही. ते सांगा.

अँटेना १२६ अंशांवर आहे. मी मधे ती सरळ केली होती. चूक माझी. परत तुमच्यासारखी केली आहे. मी 'आलं' म्हणत असताना तुम्ही का थांबला नाहीत ते मला या महिन्यात समजलं.

तुमच्यासाठी एक खोली आत्या रिकामी करून घेते आहे. मी २९ पर्यंत इथे आहे. पुढची रजा मागता येते. २४ तारखेला तुमची शेवटची सकाळ आहे. त्या दिवशी निम्मी ताकद नव्वदऐवजी एकशे ऐंशी सेकंद ठेवलीत, तर तुम्ही इकडे येताय असं आम्ही समजू. कार्यक्रम ६:०५ ला सुरू होतात, म्हणजे कोणाचं काही बुडत नाही आणि नियम मोडत नाही. नेहमीचे नव्वदच ठेवलेत तर तेही समजू. आम्ही दोघी टीव्हीसमोर असू. माझी खुर्ची वळवली आहे.

त्याआधी फोन केलात तर मी उचलेन, आणि या वेळी ठेवणार नाही.

कृपया शुक्रवार, २४ एप्रिल, सकाळी ६:०३ पर्यंत उत्तर द्यावं."